चिंचोक्याच्या खळीत गेलेला कागद

अक्का,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा तेरावा. तेराव्याचं जेवण उरकलं की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तुमची सुमन रावेरला निघेल. ती निघायच्या आत मला तिला सांगायचं आहे की तिचा नर्सिंगच्या शाळेचा कागद तुम्ही नाही बुडवला, मी बुडवला. दहा वर्षं ही एवढी ओळ माझ्या तोंडून निघाली नाही. आज पहिल्यांदा लिहिली, आणि लिहून झाल्यावर दाराला कडी आहे ना ते उठून बघून आले.

घरातली माणसं जेवून आडवी झालीत. नाना, तुमचे धनी, तेवढे ओट्यावर बसून आहेत. कोणी भेटायला आलं की पहिल्यापासून सांगतात, ताप कसा आला, कावीळ कशी निघाली, धुळ्याला नेईपर्यंत काय काय झालं. ते मी लिहीत नाही, ते तुमच्याच अंगावरून गेलेलं आहे. पण शेवटी ते आणखी एक सांगतात, ते तुम्ही ऐकलेलं नाही. म्हणतात, "बाई गुनी व्हती. पन अडानी. पोरनं एक नुकसान करी ठेवं तिनं, ते काही भरी निघनं नही." आलेली माणसं मान हलवतात. मी दाराआडून चहाच्या कपबशा पुढे सरकवते आणि आत येते.

आज सकाळी सुमनने कोठीतून चिंचांचं पोतं ओढत ओसरीवर आणलं. तुम्ही अंथरूण धरलं तेव्हा अर्ध्या चिंचा फोडायच्या राहिल्या होत्या. मला काही न विचारता ती तुमच्या जागेवर, खांबाला पाठ लावून बसली आणि विळा हातात घेतला. मी समोर माझ्या जागेवर बसले. बोटांना तेल लावलं. टरफल उतरायचं, विळ्याच्या टोकाने चिंचेचं पोट फाडायचं, चिंचोके एकेक करून बाहेर ढकलायचे, मग शिरा ओढायच्या. तिचे हात अगदी तुमचे आहेत. अंगठ्याने चिंचोका उडवला की बरोबर ताटात. माझा अजून ताटाबाहेर जातो. माझं माहेर पहूर, म्हणून तुम्ही म्हणायच्या, "पहूरनी पोर, चिंच फोडस का सोनं तोलस?" वीस चिंचा तुमच्या व्हायच्या तेव्हा माझ्या बारा.

ताटाचा तळ चिंचोक्यांनी झाकला. मग सुमन म्हणाली, "काकी, हे चिंचोके कुठे टाकू?"

"टाकायचे नाहीत. आईच्या डब्यात."

"ती अजून टोपल्या करायची?"

"नाही. त्या वर्षापासून एकही नाही केली."

तिचा विळा थांबला. "मग एवढ्या चिंचोक्यांचं काय करायची?"

"खळ करायची. नानांच्या धोतरांना, लुगड्यांना. उरले तर भाजून ठेवायची, आल्यागेल्याच्या पोरांना द्यायला."

"हं," ती म्हणाली आणि पुढची चिंच उचलली.

तेव्हाच सांगता आलं असतं. बोलणं आपणहून त्या जागेपर्यंत आलं होतं, मी फक्त तोंड उघडायचं होतं. मी एका शिरेशी खेळत बसले. ती तुटेपर्यंत ओढली.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिते. सुमनला सांगताना ते मला ओळीने सांगता आलं पाहिजे. मध्येच अडले तर मी पुन्हा काहीतरी खोटं बोलेन. माझी मला खात्री नाही.

त्या वर्षी चिंच खूप आली होती. फोडून, मीठ लावून, गोळे करून मडक्यात भरली तरी चिंचोक्यांची दोन पोती उरली. तुमचा जीव चिंचेपेक्षा चिंचोक्यांवर. चिंच सगळेच ठेवतात, म्हणायच्या, चिंचोका ठेवील ती खरी संसाराची. वैशाखाच्या उन्हात अंगणात चूल मांडून कढईतल्या गरम वाळूत तुम्ही ते भाजलेत. मी उखळात ठेचून वरची तपकिरी साल पाखडली. आतली पांढरी डाळ दोन दिवस भिजली, पाट्यावर वाटली, शिजवली. खळ अशी झाली की पळी तीत उभी राहायची. त्या खळीत मेथीचं वाटण आणि टपात भिजून फुगलेली रद्दी, हे सगळं एकत्र कुटायचं. पालथ्या घमेल्यावर ओलं फडकं पसरून त्यावर लगदा थापायचा. चार दिवसांनी टोपली सुटून यायची, हलकी, टणक, पिठाला कीड न लागू देणारी. सगळी गल्ली तुमच्याकडे टोपली मागायची.

आणि रद्दी बघायचं काम माझं. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. "बस, आमनी वकिलीन," असं म्हणून तुम्ही मला टपाशेजारी बसवायच्या. एकेक कागद वर धरायच्या, मी बघायची आणि सांगायची. लाइटच्या बिलाची पावती, बाजूला. जुनं पंचांग, पाण्यात. लग्नाची पत्रिका, पाण्यात. गणपतीचं चित्र असेल तर तेवढं फाडून बाजूला. घरात मला तेवढा एकच मान होता. सासूबाई तेव्हा होत्या. लग्नाला पाच वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं, आणि त्या माझ्यादेखत ह्यांना म्हणायच्या, "इले पहूरले धाडी दे. दुसरी बघू." हे गप्प बसायचे. हो म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत. पण एखादं पत्र आलं की त्याच सासूबाई मला हाक मारायच्या, "वाच वं." तेवढा वेळ मी या घरातली असायची.

मृगाला आठेक दिवस राहिले होते. सुमन बारावी होऊन अमळनेरला मामांकडच्या लग्नाला गेली होती. पोस्टमन दारातूनच "टपाल" म्हणून एक खाकी पाकीट टाकून गेला. त्या दिवसांत खतवाल्यांची, बियाणेवाल्यांची तसली पाकिटं नानांच्या नावाने सारखी यायची. पाकीट चांगलं जाड होतं म्हणून ते तुम्ही भेंडीचं बी ठेवायला घेतलं आणि आतला कागद रद्दीत आला.

तो कागद तुम्ही वर धरलात. तीन घड्यांचा, टाइप केलेला, खाली जांभळा शिक्का. सगळं इंग्रजी. मी चौथीपर्यंतच शिकले, तिथवर आम्हाला इंग्रजी नव्हतं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

"हाई काय शे?" तुम्ही विचारलंत.

सासूबाई ओसरीवर डोळे मिटून पडल्या होत्या, पण जाग्या होत्या. मी म्हणू शकले असते की हे मला वाचता येत नाही, सुमन आली की बघेल. एवढंच म्हणायचं होतं. मी कागदावरून नजर फिरवली, वरपासून खालपर्यंत, ओळ न् ओळ वाचल्यासारखी, आणि म्हटलं, "काही नाही. खताच्या दुकानाचं."

तुम्ही कागद टपात सोडलात. शिक्क्याची शाई पाण्यात उतरली. मी ती बघितली, अक्का. तेव्हाही हात घालून काढता आला असता.

दहा दिवसांनी सुमन आली. चप्पल काढायच्या आधी तिने विचारलं, "माझं काही आलं?" धुळ्याच्या नर्सिंगच्या शाळेतून मुलाखतीचं बोलावणं येणार होतं, तिच्या मैत्रिणीला आलं होतं. तुम्ही म्हणालात, काही नाही आलं. ती मैत्रिणीकडे गेली आणि तिचा कागद घेऊन आली, असा असतो म्हणून दाखवायला. तीन घड्या, टाइप केलेलं, जांभळा शिक्का. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं.

तुम्ही उठलात आणि भेंडीच्या बियांचं पाकीट आणलंत. बी ओंजळीत ओतून घेतलंत आणि पाकीट सुमनपुढे धरलंत. त्यावर इंग्रजीत तिचंच नाव होतं. मुलाखत होऊन दोन दिवस झाले होते. नाना तिला घेऊन धुळ्याला जाऊन आले. यादी लागून गेली होती.

परत आल्यावर नाना अंगणात उभे राहून ओरडले, "कोन टाकं पानीमा?" मी दाराची चौकट धरून आत उभी होते. धाकट्या सुनेने जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, बोलायचं नाही ही आपल्या घरची रीत. पाच वर्षांत त्यांनी माझा चेहरा धड बघितला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. त्यांना काही सांगायचं असलं तर मी तुम्हाला सांगायची, तुम्ही त्यांना. त्या दिवशीही तसंच व्हायला हवं होतं. मी तुम्हाला खुणेने बोलवायचं, तुमच्या कानात सांगायचं आणि तुम्ही ते अंगणात सांगायचं. पण तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला माहीतच होतं.

तुम्ही दाराकडे बघितलंत. माझ्याकडे. मग तिकडे वळून म्हणालात, "मी टाकं. कोनले इचारं नही."

सुमन म्हणाली, "काकीला दाखवायचं ना, आई. ती रोज बघते ना रद्दी."

"घाई व्हती. नही दाखाडं."

संध्याकाळी गोठ्यात मी तुमचे पाय धरले. तुम्ही पाय सोडवून घेतलेत आणि धार काढत राहिलात. म्हशीकडे तोंड करूनच बोललात. "माले कोन काढी घरमाईन? तीन लेकरं शेतस मनी. तुनं काय शे आठे? वाचनं शे. तेबी गयं तं?" मी रडत होते. तुम्ही म्हणालात, "बादली धर सरळ."

त्या दिवसापासून मी या घरात आहे, अक्का. सासूबाई गेल्या, दुसरी बघायचं कोणी पुन्हा काढलं नाही. हे आता माझ्याशी चार शब्द बरे बोलतात. हे सगळं तुमच्या त्या एका वाक्यावर उभं आहे. मी ते विसरले नाही. पण मी ते कधी तुम्हाला धड म्हटलंही नाही, कारण म्हणायला गेले की तुम्ही काहीतरी काम सांगायच्या.

सुमनचं दिवाळीनंतर लग्न झालं. रावेरचा मुलगा, केळीचा माल भरतो, माणूस चांगला. तिला तिथे काही कमी नाही. पण ती तुमच्याशी बोलायची थांबली. भांडली असती तर बरं झालं असतं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, यायची, झोका बांधायची, सगळ्यांशी हसायची. तुमच्याशी बोलायची ती माझ्यामार्फत. चूल एक, चुलीच्या अलीकडे ती, पलीकडे तुम्ही, मध्ये मी.

"काकी, आईला विचार, भाकरी टाकू का."

"इंदू, तिले सांग, टाक."

आणि मी सांगायची. दोघींनी ऐकलेलं दोघींना पुन्हा सांगायची.

पत्रंही ती माझ्या नावाने घालायची. तिची मुलगी झाली, तिला गोवर आला, बालवाडीत शिकवायची नोकरी मिळाली होती पण सासऱ्यांनी नको म्हटलं, सगळं मला. तुमचं नाव नसायचं. तुम्ही पीठ चाळत चाळत ऐकायच्या, आणि शेवटाला चाळणी थांबायची. मला ते बघवेना. म्हणून मी एकदा पत्र संपल्यावर आणखी एक ओळ वाचली. "मातोश्रींना साष्टांग नमस्कार सांगणे. त्यांच्या तब्येतीची काळजी वाटते."

तुम्ही हसलात. कित्येक दिवसांनी इतकं हसलात. "इंदू, मनी सुमन मातोश्री नही म्हनस." मी घाबरून गेले. तुम्ही म्हणालात, "आनि तू तठे थांबनी. लिखेल वाचस तवय तू थांबत नही." मी पत्र घडी करायला लागले. तुम्ही चाळणी पुन्हा हातात घेतलीत आणि म्हणालात, "वाच परत. ते शेवटलं."

त्यानंतर मी प्रत्येक पत्रात काहीतरी घालायची. मातोश्री कधी म्हटलं नाही. आईच्या हातची कळण्याची भाकरी आठवते. आईला म्हणावं थंडीत पाण्यात हात घालू नकोस. तुम्ही कधी विचारलं नाही यातलं कुठलं तिचं आणि कुठलं माझं. मी एकदा तुमच्यापुढे खोटं वाचलं त्याने एवढं झालं, आणि मग वर्षानुवर्षं खोटंच वाचत राहिले.

आता आपल्या शेवटच्या भांडणाचं. हे सुमनला सांगायचं की नाही ते ठरलेलं नाही, पण तुमच्याशी ते अर्धंच राहिलं आहे.

याच चिंचा फोडत होतो. मी म्हटलं, "अक्का, या आखाजीला सुमन आली की मी तिला सांगणार."

तुम्ही विळा खाली ठेवलात. "नको."

"का नको?"

"माय तं गयीच तिनी. काकी तरी ऱ्हाऊ दे. आठे येवाले तिले एक तोंड पायजे."

मला राग आला. तुमच्यावर मी कधी रागावले नव्हते, त्यामुळे तो कसा काढायचा तेही मला कळेना. मी म्हटलं, "हे तुम्हीच ठरवायचं का? तेव्हाही तुम्हीच ठरवलंत. मला विचारलंत का? मला वाचवलंत आणि मग मला सुटूच दिलं नाही."

तुमचे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते. "तुले तोंड नव्हतं का? त्या दिन बोलती, तं कोन धरतं तुले?"

तुम्ही ताट उचललं आणि आत गेलात. चार दिवस आपण कामापुरतं बोललो. पाचव्या दिवशी तुम्हाला ताप आला. मग सगळी धावपळ, आणि त्या धावपळीत आपण दोघीही असं वागलो की जणू भांडण झालंच नाही. धुळ्याला दवाखान्यात मी तुमचे पाय चेपत होते तेव्हा तुम्ही एकदा "इंदू" म्हणालात. मी "काय" म्हटलं. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत. पाणी हवं होतं, की ते होतं, की काहीच नव्हतं, हे मला आता कोण सांगणार? सुमन पोचली तेव्हा तुमची शुद्ध गेली होती. ती तुमच्या उशाशी बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काकी, आईला विचार, तिला ओळखू येतंय का." सवयीने म्हणाली. मी वाकून तुमच्या कानात विचारलंसुद्धा.

तुम्ही नको म्हणालात, अक्का. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. पण नाना रोज ओट्यावर बसून तुम्हाला अडाणी म्हणतात आणि मी चहा देते. हे नाही होत आता.

बाहेर उठाउठ झाली आहे. वही ठेवते.

*

चार दिवसांनी लिहिते आहे. सुमन काल सकाळी गेली.

तिला मी बाराव्या दिवशी दुपारी सांगितलं. चिंचा संपत आल्या होत्या, पोत्याच्या तळाशी पाच-पन्नास राहिल्या होत्या. त्या संपल्या की आम्ही समोरासमोर बसणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी विळा बाजूला ठेवला. म्हटलं, "सुमन, तुझा कागद आईने मला दाखवला होता. मला वाचता आला नाही. मी तिला खताच्या दुकानाचा म्हणून सांगितलं."

ओळीने सांगायचं ठरवलं होतं, ते राहिलंच. एवढंच निघालं.

तिने हातातली चिंच पुरी केली. शेवटचा चिंचोका काढला, शीर ओढली, चिंच टोपल्यात ठेवली. मग म्हणाली, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. सासूबाई ओसरीवर होत्या ते, शिक्क्याची शाई उतरली ते, अंगणात तुम्ही काय बोललात ते. गोठ्यातलं सांगितलं.

"आई काय म्हणाली गोठ्यात? शब्दाला शब्द सांग."

सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ती स्वतःच हळू आवाजात म्हणाली, अगदी तुमच्या बोलीत, "बादली धर सरळ." आणि तोंडावर हात ठेवला.

हात काढून म्हणाली, "मी चुलीपाशी बसून आईशी बोलत नव्हते, तेव्हा तू मध्ये बसली होतीस."

"हो."

"दहा वर्षं."

"हो."

"आणि माझी पत्रं? ती तिला वाचून दाखवायचीस?"

"हो."

"त्यात तिच्याबद्दल काही नसायचं."

"मी घालायची. माझ्या मनाने."

"काय घालायचीस?"

भाकरीचं सांगितलं, थंडीचं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा आवळत गेला. "ते तरी माझं असायला पाहिजे होतं, काकी," ती म्हणाली. "कागद गेला तो गेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता, मीच नाही केला, रागात लग्नाला हो म्हटलं. पण एक ओळ. ती मी लिहिली असती. मला खरं माहीत असतं तर लिहिली असती."

तुम्ही तिथे असता तर मला काहीतरी काम सांगितलं असतंत.

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही, टाकलीही नाही. उठली, हात धुतले, आणि कोठीत जाऊन दार लोटून घेतलं. मग आतून आवाज आला. ती तुम्हाला हाक मारत होती. अकरा दिवसांत घरातल्या सगळ्या बायका रडल्या होत्या, ती फक्त पाणी देत फिरत होती. मी ओसरीवर बसून राहिले आणि उरलेल्या चिंचा फोडल्या. आत जायचा मला हक्क नव्हता.

तुमचा शब्द मोडला तो असा. तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं, तिला इथे यायला एक तोंड होतं, तेही गेलं. तेराव्याच्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. पंगतीत वाढताना माझ्या हातून भात घेतला, नजर ताटात. काल निघताना सगळ्यांच्या पाया पडली, नानांच्या, ह्यांच्या, शेजारच्या म्हातारीच्यासुद्धा. माझ्यापाशी आली, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि पुढे गेली. स्टँडवर मी गेले नाही. तुमच्या चिंचोक्यांचा डबा ती बरोबर घेऊन गेली, हे मला नंतर रिकाम्या फळीवरून कळलं. तिने विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटत नाही. तिच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे बघताना मला एवढंच कळत होतं की हे तुम्ही दहा वर्षं दर आखाजीला बघितलंत, आणि त्यानंतर आत येऊन माझ्यासाठी चहा ठेवलात.

आज दुपारी नानांकडे पारोळ्याचे दोघं आले. उशिरा कळलं म्हणून आता आले. मी दाराआड चहा घेऊन उभी होते. नानांनी पहिल्यापासून सुरू केलं, ताप, कावीळ, धुळं. मला माहीत होतं शेवटी काय येणार. मी कपबशी खाली ठेवली.

"बाई गुनी व्हती," नाना म्हणाले. "पन अडानी. पोरना कागद पानीमा..."

"तो कागद मी बुडवला, नाना. अक्कांनी मला दाखवला होता. मला वाचता आला नाही आणि मी खोटं सांगितलं. त्यांचा काही दोष नव्हता."

पारोळ्याचा एक माणूस खोकला. नाना दाराकडे वळले, पण इतक्या वर्षांची सवय, वर बघितलं नाही, उंबऱ्याकडे बघत राहिले. पंधरा वर्षं एका घरात राहिलेला माणूस. त्यांनी विचारलं, "कोन बोलनं हाई?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उंबऱ्याबाहेर आले.

"मी बोलले," मी म्हटलं. "इंदू."